भिंतीवरून गेलेली फांदी

मिस हेस्टर प्रीस हिला सगळं हॉपस्टन गाव काटेवाली म्हणायचं. तोंडावर नाही, तोंडावर सगळे टोपी उचलायचे, पण पाठ वळली की 'चालली काटेवाली'. तिला ते ठाऊक होतं आणि तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. एका अंगाला वेल्सचे डोंगर, दुसऱ्या अंगाला सफरचंदाच्या बागा, आणि मधल्या माणसांना हवापाण्याशिवाय बोलायला काही नाही, अशा गावात प्रत्येकाला काहीतरी नाव पडणारच. लोहाराला तर याहून वाईट पडलं होतं.

काटे मात्र खरे होते. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत चांगल्या घरच्या बाईनं झाडापाल्याचा नाद केला तर कुणाची ना नव्हती. नेचे आणावेत, काचेच्या पेटीत लावावेत, समुद्रावर गेलं तर शेवाळं कागदावर चिकटवावं, गुलाबाची चित्रं काढावीत. हेस्टरनं धरली ब्लॅकबेरी. बांधाबांधावर माजलेली ती काटेरी जाळी, जिला शेतकरी शिव्या घालतो आणि पोरं खाऊन खाऊन तोंड जांभळं करून घेतात. तिच्या आईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, नाद करायचाच तर एखाद्या शहाण्या फुलाचा कर, हे असलं ओरबाडणारं कशाला? हेस्टरचे हातमोजे आठवड्याला फाटायचे आणि परकराचा घेर दर वर्षी वीतभर कमी व्हायचा.

सुरुवात बापामुळं झाली. बाप गावोगाव फिरणारा डॉक्टर. तो घोडागाडीतून उतरून आजाऱ्याच्या घरात शिरला की पोर बाहेर कुंपणाशी बसायची. एका गावच्या ब्लॅकबेरीचं पान खालून पांढरं, पुढच्या गावचं खालून हिरवं. एकीच्या काट्याला बाक, दुसरीचा काटा सरळ सुईसारखा. तिनं विचारलं की असं का. बाप घाईत होता, म्हणाला, "ब्लॅकबेरी ती ब्लॅकबेरी." हे उत्तर काही तिच्या गळी उतरलं नाही. तिथून जी ती जाळीत घुसली, ती आता केस पांढरे झाले तरी बाहेर आली नव्हती.

त्या काळी या जाळ्यांच्या मागं लागलेली मंडळी देशभरात मूठभर, पण भांडायला पन्नास हजारांची. कुणी म्हणायचा, देशात ब्लॅकबेरीच्या तीस जाती. कुणी म्हणायचा दोनशे. दोनशेवाला तीसवाल्याला आंधळा म्हणायचा आणि तीसवाला दोनशेवाल्याला भ्रमिष्ट. हेस्टर मधली. तिनं आसपासच्या एकूण एक गावचे बांध पालथे घातले, फांद्या टीपकागदात दाबल्या, वाळवल्या, आणि टपालानं मोठमोठ्या पंडितांना पाठवल्या. पंडितांनी त्या ठेवून घेतल्या. जिल्ह्याच्या वनस्पतींचं जाडजूड पुस्तक निघालं, त्यात तिचं सगळं काम आलं. कुठं 'एका बाईंकडून कळतं' म्हणून, कुठं 'एका बाईंच्या पाहण्यात आलं आहे' म्हणून. बाईंना नाव असतं हे छापणाऱ्याच्या ध्यानात राहिलं नाही. जिल्ह्याचं निसर्गमंडळ होतं, त्याच्या सहलींना बायकांना वर्षातून एकच दिवस मुभा. त्या दिवशी भाषणं आखूड व्हायची आणि केक वाढायचा.

या मंडळींचा एक रिवाज होता. नवी जात सापडली तर तिला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा, पण स्वतःचं नाव द्यायचं नाही. ते निर्लज्जपणाचं समजत. दुसऱ्याचं द्यायचं. म्हणजे तुमचं नाव एखाद्या झाडाला लागायचं तर ते दुसऱ्या कुणाला तरी आतून वाटावं लागतं. हेस्टरनं निसर्गमंडळातल्या कर्नलसाहेबांचं नाव दिलं, मोठ्या चर्चच्या डीनसाहेबांचं दिलं, मेलेल्या गुरुजींचं दिलं. तिचं नाव कुणाला सुचलं नाही. ती बोलली नाही कधी. पण तिला मूलबाळ नव्हतं, घर तिच्या मागं बर्मिंगहॅमच्या पुतण्याला जायचं होतं, आणि तो पुतण्या पहिल्याच आठवड्यात टीपकागदाचे गठ्ठे चुलीत घालणार हे तिला लख्ख दिसत होतं. आपल्या मागं एक लॅटिन नाव तेवढं उरावं, एवढीच तिची हाव. माणसाला एक हाव असावीच.

आणि मग ते नाव आलं. रेव्हरंड इथेल प्रॉदरोंनी दिलं.

प्रॉदरो सरहद्दीपलीकडचे, वेल्सच्या डोंगरातल्या एका गळक्या देवळाचे पाद्री. उंच, वाकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ओळख झाली ती भांडणातून. ब्लॅकबेरीच्या देठावरच्या लवेला शेवटी गाठ असते की नसते यावर दोघांची दोन वर्षं पत्रं चालली आणि पत्रागणिक पाकीट जाड होत गेलं. मग एका सप्टेंबरात ते स्वतःच भिंग घेऊन आले. गाठ निघाली. ते म्हणाले, माझं चुकलं. हेस्टरनं आयुष्यात पहिल्यांदा एका पुरुषाच्या तोंडून हे ऐकलं, म्हणून तिनं त्यांना चहाला थांबवलं. तेव्हापासून दर सप्टेंबरात ते हॉपस्टनच्या खाणावळीत उतरायचे, आठवडाभर दोघं बांध तुडवायचे आणि रोज काहीतरी कारण काढून कडकडून भांडायचे. स्वयंपाकीण मिसेस गिटिन्स म्हणायची, "नवरा-बायको तरी रविवारी विसावा घेतात."

हेस्टरनं काही वर्षांमागं देवळामागच्या खोल पायवाटेवर, यू नावाच्या सदाहरित झाडांच्या गर्द सावलीत, एक वेगळीच ब्लॅकबेरी हेरली होती. पान मोठं, पातळ, दोन्ही अंगांनी हिरवं, काटे विरळ, फूल पांढरट. तिला तिनं प्रॉदरोंचं नाव दिलं. पाद्रीबुवा त्या दिवशी बोलले कमी आणि नाक जास्त पुसलं.

गेल्या सप्टेंबरात त्यांनी फेड केली. पायवाटेच्या कडेला माणसाच्या डोक्यावरून उंच, वेलींनी गच्च झाकलेली दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडं बफ्टन शेतकऱ्याचं कुरण. कुरणात बैल. त्या बैलापायी हेस्टर तिकडं कधी गेली नव्हती, आणि बफ्टन मुद्दाम म्हणायचा, "या की मिस, बैल काही करत नाही, फक्त मारतो." प्रॉदरो मात्र काळा कोट सावरत आत घुसले आणि बैलानं पाहायच्या आत भिंतीच्या उन्हाच्या बाजूनं एक फांदी छाटून आले. पान लहान, जाड, खालून पांढरंशुभ्र मखमली, देठ लालबुंद, काट्यांची नुसती गर्दी. असलं काही दोघांनीही पाहिलं नव्हतं. ते फांदी घेऊन गेले, हिवाळाभर बसले आणि उन्हाळ्यात छापून आलं. नवी जात. नाव हेस्टरचं.

तिनं ते छापलेलं पान चहाच्या टेबलावर उघडं ठेवलं आणि चार दिवस मिटवलं नाही. मिसेस गिटिन्स त्याच्या भोवतीनं कप मांडायची.

आता सप्टेंबर परत आला होता. प्रॉदरो उद्या दुपारी येणार, आणि त्यांच्या मागोमाग निसर्गमंडळ, कर्नलसाहेबांसकट, खास ही नवी जात बघायला. बफ्टननं बैल विकला होता. म्हणून आदल्या दिवशी सकाळी हेस्टर गवत कापायचा विळा आणि मिसेस गिटिन्स, असं दोन्ही घेऊन निघाली. मंडळींना उभं राहायला जागा करायची होती. आणि खरं सांगायचं तर तिला आपल्या नावाची ब्लॅकबेरी जिवंत बघायची होती. आजवर तिनं तिची छाटलेली एक फांदीच पाहिली होती.

तिनं मिसेस गिटिन्सला पायवाटेवरचं गवत काढायला लावलं आणि आपण वळसा घालून कुरणात गेली. जाळी भिंतीच्या पायथ्याशी उन्हात पसरली होती, फळांनी लगडलेली, वर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. हेस्टर तिच्यासमोर गवतावर बसली. एक फळ तोडून तोंडात टाकलं. कुणी बघत नव्हतं म्हणून दुसरंही टाकलं. इतकं बरं तिला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

मग जित्याची खोड. झाडाबद्दल बोलायच्या आधी त्याचं मूळ बघावं, हा तिचाच धडा, तिनं तो सगळ्यांना पढवला होता. तिनं एक जुनी जाड फांदी धरली आणि हातानं मागं मागं चाचपत गेली. फांदीचा शेंडा जमिनीत रुतून मुळावला होता. त्यात नवल नाही, ब्लॅकबेरी अशीच पसरते, कमान टाकते आणि शेंडा टेकेल तिथं नवं घर मांडते. पण या फांदीचा बुडखा कुरणात कुठंच नव्हता. फांदी भिंतीवर चढत होती, वेलीत शिरत होती आणि दिसेनाशी होत होती.

हेस्टरनं टोपीची निळी फीत सोडली, फांदीला बांधली आणि भिंतीपलीकडं हाक दिली.

"मिसेस गिटिन्स, प्रॉदरोसाहेबांच्या जाळीकडं बघा. मी इकडून ओढते. काही हलतंय का सांगा."

तिनं ओढलं. पलीकडं शांतता. तिला क्षणभर हायसं वाटलं.

"हलतंय बाई," मिसेस गिटिन्सचा आवाज आला. "एक फांदी हलतेय. वरून भिंतीत जातेय ती. अजून ओढू नका, माझ्या बाहीत काटा अडकलाय."

हेस्टर वळसा घालून आली. शिडी आणवली. स्वतः चढली आणि वेल बाजूला केली. आता सगळं उघडं होतं. सावलीतल्या प्रॉदरोंच्या जाळीतून फांदी उठत होती, वर चढत होती, भिंत ओलांडत होती आणि पलीकडं उन्हात उतरून हेस्टरची जाळी होत होती. एकाच फांदीवर खाली पातळ हिरवी पानं, भिंतीच्या माथ्यावर मधलीच काहीतरी, आणि पलीकडं जाड पांढरी मखमल. एकच झाड. सावलीत एक सोंग, उन्हात दुसरं. आणि एका झाडाची दोन नावं झाली तर मंडळींचा कायदा सरळ होता. जुनं राहतं, नवं जातं. जुनं प्रॉदरोंचं. नवं हेस्टरचं.

ती शिडीवरून उतरेना. मिसेस गिटिन्सनं शिडी धरून विचारलं की झालं काय. हेस्टरनं सांगितलं. मिसेस गिटिन्सनं ऐकून घेतलं, खाली वर पाहिलं, मग एप्रनमधून भाजीचा मिटता चाकू काढून वर धरला.

"हे घ्या. मधला तुकडा कापा आणि मला द्या. चुलीत जाईल. इकडची इकडं, तिकडची तिकडं. तिकडचीला स्वतःची मुळं आहेतच, मरायची नाही. आणि मी काही कर्नलसाहेबांच्या पंगतीला बसत नाही सांगायला."

ती खरं बोलत होती. बाकीच्या जुन्या फांद्या कधीच वाळून तुटल्या होत्या. दोन्ही जाळ्यांना जोडणारी ही एकच उरली होती. चाकूचा एक घाव, आणि पुढं शंभर वर्षं कुणाला काही कळलं नसतं. हेस्टरनं चाकू घेतला. फांदीला लावलाही. मग तो मिटून खिशात टाकला आणि म्हणाली, चला, उन्हं वाढली.

ती घरी आली, थंड मटण पुढ्यात घेऊन बसली आणि न खाता उठली. संध्याकाळी तिनं ते छापलेलं पान मिटलं, परत उघडलं, परत मिटलं. कापावं असं दहादा वाटलं. पण ज्या डोळ्यांनी ते पाहिलं होतं ते डोळे तिचेच होते. त्यांना आता काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रॉदरो आले. काखेत मनुका घातलेला वेल्सचा पाव, गळ्यात पत्र्याचा डबा, आणि चेहरा असा की जणू त्यांचाच सत्कार आहे. वाटेत भेटेल त्याला त्यांनी नव्या जातीबद्दल सांगितलं होतं, स्टेशनवरच्या हमालालासुद्धा. हेस्टरनं त्यांना चहाही दिला नाही. सरळ पायवाटेवर नेलं, शिडी दाखवली आणि चढा म्हणाली.

ते चढले. निळी फीत पाहिली. फांदीवरून बोट फिरवत इकडून तिकडं गेले, तिकडून इकडं आले. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मिस प्रीस," ते म्हणाले, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मिसेस गिटिन्सला. तिनं चाकूही दिलाय."

"मग कापा."

"तुम्ही पाद्री आहात."

"मी वेल्समधला पाद्री आहे. इथं इंग्लंडमध्ये मी सुट्टीवर असतो." त्यांनी टोपी काढून परत घातली. "मी तुम्हाला आयुष्यात एकच गोष्ट दिली, आणि ती ही अशी परत घेऊ? द्या तो चाकू."

हेस्टरनं खिशातून चाकू काढला आणि खरंच त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाली, "नाव तुम्ही दिलंत, तेव्हा कापायचं तुम्ही. माझ्यानं झालं नाही."

आता इथं तिला भीती वाटली, कारण माणूस हट्टी होता आणि शिडी चढला. तिनं नजर वळवली. पण चाकूचा आवाज काही येईना. वर बघते तो पाद्रीबुवांनी चाकू दातात धरला होता आणि दोन्ही हातांनी भिंग सावरत एका पानावर वाकले होते. चाकूमागून काहीतरी पुटपुटले. मग चाकू खिशात टाकून म्हणाले, "मिस प्रीस, लव बघितलीत? भिंतीच्या माथ्यावरच्या पहिल्या पानाला तुरळक आहे, दुसऱ्याला दाट, तिसऱ्याला नुसता कापूस. तीन पानांत. म्हणजे हे सगळं निव्वळ उन्हानं होतं." थांबून हळू म्हणाले, "मग आपल्या बाकीच्या जातींचं काय?"

"तेच मी काल रात्रभर मोजतेय," हेस्टर म्हणाली. "तुमच्या तीन तरी जातील."

"आणि तुमच्या?"

"दोन. कर्नलसाहेबांची त्यात आहे."

यावर पाद्रीबुवा शिडीवरच हसायला लागले आणि शिडी डगमगायला लागली, म्हणून तिला ती धरावी लागली. मग तीही हसली. कालपासून छातीवर बसलेला दगड कधी उतरला ते तिला कळलंच नाही. पुढचा तासभर ती वर आणि ते खाली, मग ते वर आणि ती खाली, असं दोघांनी पान न् पान मोजलं, आणि दोनदा भांडणही झालं.

मंडळ आलं ते असं. टोपल्या, छत्र्या, कर्नलसाहेब पुढं. समोर शिडीवर मिस प्रीस, टोपी फितीविना मागं घसरलेली, आणि जमिनीवर गुडघे टेकून एक पाद्री. कर्नलसाहेब खाकरले. हेस्टर शिडीवरून उतरलीच नाही, वरूनच तिनं सगळं सांगितलं. तिच्या नावाची म्हणून वेगळी जात नाहीच. ती प्रॉदरोंचीच आहे, उन्हात गेलेली. आणि जाता जाता हेही सांगितलं की कर्नलसाहेबांची ब्लॅकबेरीसुद्धा गिरणीमागच्या उन्हात एकदा तपासून घ्यायला हवी. कर्नलसाहेबांचा चेहरा त्या ब्लॅकबेरीसारखाच झाला. पण एकेक जण शिडी चढला, एकेकानं फीत ओढून पाहिली, आणि उतरताना एकानंही वाद घातला नाही, कारण प्रत्येकाच्या घरी कपाटात भिंतीची एकच बाजू बघून नाव दिलेल्या जाती होत्या. त्या वर्षी बायकांच्या दिवशी भाषणं आखूड झाली नाहीत. हेस्टरलाच बोलायला लावलं, आणि केकाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढं मंडळाच्या वार्षिकात तिचं टिपण छापलं गेलं, आपली जात रद्द करणारं. खाली 'एक बाई' नव्हतं. हेस्टर प्रीस, हॉपस्टन, असं धडधडीत होतं.

सगळे गेल्यावर दोघं पायवाटेनं परत निघाले. प्रॉदरो वाटभर डब्याचं झाकण उघडत होते आणि बंद करत होते. फाटकाशी येऊन थांबले.

"मी विचार केला," ते म्हणाले. "माझ्या नावाची ब्लॅकबेरी राहिली. तुमच्या नावाची गेली. आता तुम्ही जर माझं नाव घेतलंत, म्हणजे लग्नानं, तर ती ब्लॅकबेरी आपोआप तुमचीही होईल. कायद्याला धरून."

हेस्टरला आयुष्यात आधी दोनदा मागणी आली होती, एकाला घर सांभाळायला बाई हवी होती आणि दुसऱ्याला बापाचा दवाखाना. पण झुडपाचं कारण कुणी पुढं केलं नव्हतं. ती म्हणाली, "याहून लंगडं कारण मी ऐकलेलं नाही."

"दुसरंही आहे," पाद्रीबुवा डब्याकडं बघत म्हणाले. "सप्टेंबर संपला की मला करमत नाही. ऑक्टोबरपासून मी पुढचा सप्टेंबर मोजतो. पण हे कारण कायद्यात बसत नाही."

तिला धंद्यातलंच सुचलं.

"प्रॉदरोसाहेब, आज आपण काय शिकलो? एका बाजूनं बघून नाव देऊ नये. तुम्ही मला फक्त सप्टेंबरात बघता. तेव्हा मी उन्हात असते, पायाला काही होत नाही आणि घर हवेशीर असतं. जानेवारीत या. जानेवारीत माझं धुराडं धुमसतं, मला महिनाभर सर्दी असते, आणि मिसेस गिटिन्स मला सोडून जायची धमकी देते. ते बघा, आणि मग विचारा."

"जानेवारीत घाटात बर्फ असतो."

"असतो," हेस्टर म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

तो हिवाळा कडक निघाला. नाताळ झाला आणि रस्ते बुजले. हेस्टर रोज खिडकीशी बसायची, आणि मिसेस गिटिन्सनं विचारलं की पाखरं बघतेय म्हणायची. पाखरं सगळी दक्षिणेला गेली होती. तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की असल्या हवेत कुणी येत नसतं, आणि न येणारा काही वाईट नसतो.

ते आले. दुधाच्या गाडीवर बसून, पायात दोन मापांचे दोन बूट, एका मोज्याला भोक. दार तिनंच उघडलं, कारण मिसेस गिटिन्स रुसून माडीवर होती. नाक लाल, डोळे पाणावलेले, डोक्याला लोकरीची शाल, आणि मागं दिवाणखान्यात धूर कोंदलेला. प्रॉदरोंनी तिला वरून खालपर्यंत नीट पाहिलं, मग भिंग काढायला खिशात हात घातला, तेव्हा तिनं त्यांना आत ओढलं.

ते तीन आठवडे राहिले, खाणावळीत. त्या तीन आठवड्यांत तिला कळलं की ते सूप पिताना आवाज करतात, हरल्याशिवाय पत्ते टाकत नाहीत, आणि सकाळी चहा मिळेपर्यंत देवालाही सरळ उत्तर देत नाहीत. त्यांनाही तिचं बरंच काही कळलं. एकदा तिनं त्यांच्या अंगावर चिमटा फेकला, विस्तव सारायचा. लागला नाही.

निघायच्या दिवशी ते दारात बूट चढवत म्हणाले, "बघितलं सगळं. आता विचारू?"

हेस्टर शिंकली, नाक पुसलं आणि म्हणाली, "अजून वसंत बघायचा राहिलाय की."

पाद्रीबुवांनी एक बूट चढवला होता. तो काढला, आत येऊन शेकोटीजवळ ठेवला आणि मिसेस गिटिन्सला हाक मारून सांगितलं की खाणावळवाल्याला निरोप धाडा, खोली इतक्यात कुणाला देऊ नका म्हणावं.